संशोधक परत जातो का?

संशोधन प्रकल्पासाठी निधी मागताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात हल्ली एक रकाना हमखास असतो : ‘अपेक्षित सामाजिक परिणाम’. अजून एकही मुलाखत झालेली नसते, प्रश्नावलीचा कच्चा खर्डाही पुरता झालेला नसतो, आणि या कामामुळे समाजात कोणता बदल घडेल, किती लोकांचा फायदा होईल, हे तिथे लिहून द्यायचं असतं. असे रकाने मी भरले आहेत, विद्यार्थ्यांकडून भरून घेतले आहेत. दर वेळी हात अडखळतो. प्रश्न गैर आहे म्हणून नव्हे. तो अगदी रास्त आहे. लोकांच्या करातून चालणाऱ्या विद्यापीठाने लोकांच्याच घरात जाऊन, त्यांच्या आयुष्याची माहिती नोंदवून घेऊन जे ज्ञान उभं केलं, त्याचा उपयोग काय झाला हे विचारायचा हक्क कुणालाही आहे. अडचण आहे ती हा प्रश्न कधी विचारला जातो आणि उत्तर म्हणून काय चालवून घेतलं जातं, याची.

क्षेत्रकार्यात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत कानावर येतो. एका घरी मी प्रश्नावली भरून घेत होते. घरात कमावतं कोण, काम सुटून किती महिने झाले, कर्ज कुणाकडून घेतलं, असे प्रश्न. पाऊण तास शांतपणे उत्तरं दिल्यावर त्या बाईंनी मला विचारलं, “मागेही तुमच्यासारखेच दोघं येऊन गेले होते. असंच सगळं लिहून नेलं. त्याचं पुढे काय झालं?” मला काहीच सांगता येईना. ते दोघं कोण, कुठले, त्यांचा अहवाल झाला की नाही, झाला तर कुणी वाचला, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. मी माझं नाव आणि विभागाचा पत्ता लिहून दिला. आमचा अहवाल तयार झाला की घेऊन येईन, असं कबूल केलं. पुढे प्रकल्पाची मुदत संपली, निधी संपला, अहवाल वेळेत सादर झाला, त्यावर दोन शोधनिबंधही निघाले. त्या घरी मी परत गेले नाही.

सामाजिक शास्त्रांमधल्या संशोधनाचा प्रत्यक्ष जगाला उपयोग होतो का, या प्रश्नाचं उत्तर मला त्या न झालेल्या फेरीत दिसतं. माझं म्हणणं असं आहे की विद्यापीठांनी परिणाम मोजायची जी घाई चालवली आहे, ती थोडी बाजूला ठेवावी आणि संशोधकाने परत जाण्याची सोय करावी. परत जायचं ते ज्यांच्याकडून माहिती घेतली त्या माणसांकडे, आपल्याच आकड्यांकडे, आणि पंचवीस-तीस वर्षांनी आपल्याच निष्कर्षांकडे.

परिणाम मोजण्याची पद्धत कशी चालते, हे ब्रिटनकडे पाहिलं की नीट कळतं. तिथे विद्यापीठांच्या संशोधनाचं काही वर्षांच्या अंतराने देशव्यापी मूल्यमापन होतं आणि त्यावर सरकारी निधीची वाटणी ठरते. २०१४ च्या फेरीत विद्यापीठाबाहेर झालेल्या परिणामाला प्रथमच २० टक्के वजन दिलं गेलं. २०२१ च्या फेरीत ते २५ टक्के झालं. प्रत्येक विभागाने लिहून द्यायचं : आमचं हे संशोधन, त्यामुळे हा नियम बदलला, ही सेवा सुधारली, आणि हा त्याचा पुरावा. यातून काही चांगलंही निघालं. आपल्याच वर्तुळात बोलण्याची सवय जडलेल्या अनेक विभागांना बाहेरच्या माणसांशी बोलावं लागलं. पण अशा पद्धतीला मुदत लागते. २०२१ च्या फेरीसाठी मूळ संशोधन २००० सालानंतरचं हवं आणि परिणाम ऑगस्ट २०१३ ते जुलै २०२० या काळात दिसलेला हवा, अशी अट होती. शिवाय ज्याला त्यातून निधी मिळवायचा आहे, तो आपल्या संशोधनाने नुकसान झालं असं कधी लिहील? परिणाम म्हणजे चांगलाच परिणाम, हे त्या पद्धतीत गृहीतच धरलेलं आहे.

पण परिणाम होणं आणि संशोधन खरं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा एक निबंध आला. देशाचं सार्वजनिक कर्ज त्याच्या सकल उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की आर्थिक वाढ एकदम मंदावते, असा त्याचा सूर होता. काळ जागतिक मंदीनंतरचा. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या राजकारण्यांना हा आकडा हवाच होता. तो भाषणांत आला, अर्थसंकल्पाच्या दस्तऐवजांत आला. परिणामाच्या मोजपट्टीवर या निबंधाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट इथल्या थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गातला गृहपाठ म्हणून हे आकडे पुन्हा मांडून पाहायला घेतले. ते जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती पाठवली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. फाइल उघडल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क या पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. काही देशांची काही वर्षं गाळलेली होती, देशांना वजन देण्याची रीतही वादाची होती. २०१३ साली हर्न्डनने आपल्या दोन प्राध्यापकांबरोबर फेरतपासणी प्रसिद्ध केली. ९० टक्क्यांपुढच्या कर्जासाठी वाढीचा सरासरी दर मूळ निबंधात उणे ०.१ टक्का होता; तो त्यांच्या हिशेबाने २.२ टक्के निघाला. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक कबूल केली, निष्कर्षाचा गाभा मात्र टिकतो असं म्हटलं. तो वाद अर्थतज्ज्ञांचा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की मधल्या तीन वर्षांत त्या आकड्याच्या आधाराने लोकांच्या आयुष्याविषयी निर्णय घेतले गेले, आणि त्या आकड्याकडे नीट परत जाण्याचं काम एका विद्यार्थ्याच्या गृहपाठावर येऊन पडलं. जुनं काम पुन्हा तपासून पाहणाऱ्याला बहुतेक विभागांत नोकरीसाठी गुण मिळत नाहीत. ‘यात नवीन काय?’ असं विचारलं जातं.

याहून अस्वस्थ करणारी हकीकत मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन शहरांची आहे. रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांनी तिथे एक प्रयोग आखला. मुलांना वेळेत आधार मिळाला तर ती गुन्हेगारीकडे वळणार नाहीत, ही त्यामागची श्रद्धा. पाचशेवर मुलगे निवडले. वय, स्वभाव, घरची परिस्थिती पाहून सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून जोडीतल्या एकाला मदतीच्या गटात घेतलं. १९३९ ते १९४५ या काळात समुपदेशक त्या मुलांच्या घरी महिन्यातून साधारण दोनदा जात राहिले. कुणाला अभ्यासात मदत, कुणाला वैद्यकीय उपचार, बऱ्याच जणांना उन्हाळी शिबिरं. जोडीतल्या दुसऱ्या मुलाला यातलं काही नाही. हे वाचताना वाटतं, मदतीच्या गटातला मुलगा सुदैवी.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या गुन्हेशास्त्रज्ञ त्या मुलांच्या मागावर निघाल्या. मुलं आता प्रौढ झाली होती, पांगली होती. मॅकॉर्ड यांनी न्यायालयांच्या, रुग्णालयांच्या, मृत्यूच्या नोंदी धुंडाळल्या, पत्रं पाठवली. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरं दिली त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांनी लिहिलं, त्या कार्यक्रमाचा आम्हाला उपयोग झाला. कुणी म्हणालं त्याने वाईट संगतीपासून वाचवलं, कुणी म्हणालं माणसांवर विश्वास बसला. आज एखाद्या विभागाला ‘परिणामाचा पुरावा’ द्यायचा असेल तर अशी पत्रं सोन्यासारखी. पण जोडीतल्या दुसऱ्या मुलांशी तुलना केली तेव्हा उलटं चित्र निघालं. मदत मिळालेल्यांत एकाहून अधिक गुन्हे करणारे जास्त होते, दारूच्या व्यसनाची चिन्हं जास्त होती, लवकर मेलेले जास्त होते. १९७८ साली मॅकॉर्ड यांनी हे छापलं. पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की नुकसान मुख्यतः वारंवार उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांचं झालं होतं. वाट चुकू शकणारी मुलं एकत्र आली आणि एकमेकांना बढाया ऐकवत एकमेकांकडून शिकली, असा त्याचा अर्थ लावला गेला.

या हकीकतीत कुणी खोटं बोललं नाही. कॅबट यांचा हेतू निर्मळ होता, समुपदेशकांनी जीव लावून काम केलं, मुलांना मनापासून बरं वाटलं होतं. तरीही नुकसान झालं, आणि ते समजलं केवळ दोन कारणांनी. सुरुवातीला कुणीतरी नाणं उडवायची शिस्त पाळली होती, आणि तीस वर्षांनी कुणीतरी परत गेलं. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या शेवटी सादर होणाऱ्या परिणामाच्या अहवालात हे कधीच दिसलं नसतं. हेतू चांगला असला आणि माणसं समाधानी असली की काम चांगलं झालं, हे आपण किती सहज मानून चालतो! सामाजिक शास्त्रांचा जगाला सगळ्यांत मोठा उपयोग कदाचित हाच आहे की ती आपल्याला असं सहज मानू देत नाहीत.

थेट आणि झटपट परिणाम होतच नाही, असं मी म्हणत नाही. मूत्रपिंड द्यायला घरचं माणूस तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही, अशी अनेक कुटुंबं असतात. अशा दोन कुटुंबांनी आपापसांत दात्यांची अदलाबदल केली तर दोन्ही रुग्ण वाचतात. या जोड्या कशा लावायच्या याचं गणित अल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी मांडलं आणि शल्यचिकित्सकांबरोबर बसून २००४ साली अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात त्याची व्यवस्था उभी केली. रॉथ यांना २०१२ साली लॉइड शॅप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध, वापर, वाचलेली माणसं अशी सरळ रेषा इथे दाखवता येते. पण मूल्यमापनाची सगळी यंत्रणा अशाच उदाहरणांवरून बेतली, तर ज्या प्रश्नांची उत्तरं अशा रेषेत बसत नाहीत ते प्रश्न कुणी हातात घेणार नाही. जात, वंश, एकटेपणा, कामाची अप्रतिष्ठा, बाईच्या न मोजलेल्या कष्टांचा हिशेब, यांवरचं संशोधन झिरपत जातं. कॅरल वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात हे फार नेमकं मांडलं होतं. धोरण ठरवणारा अधिकारी एखादा अभ्यास उचलून निर्णय घेतो असं क्वचितच घडतं. संशोधनातल्या कल्पना हळूहळू त्याच्या विचारात उतरतात, प्रश्नाकडे बघण्याची त्याची दृष्टी बदलते, आणि त्या कुठून आल्या हे त्याला सांगताही येत नाही. असा परिणाम कुठल्या रकान्यात लिहायचा?

मग करायचं काय? माझ्यापुरतं उत्तर मला व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल या गावात सापडतं. सुमारे दीड हजार वस्तीचं गाव, एका कापडगिरणीवर जगणारं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. १९३१ च्या अखेरीस मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझल आणि त्यांचे सहकारी तिथे पोहोचले. सगळे तरुण समाजसंशोधक होते. बेकारीने माणसं पेटून उठतात, असं त्या काळी अनेकांना वाटत होतं. या मंडळींनी मत देण्याआधी पाहायचं ठरवलं. ४७८ कुटुंबांची एकेक नोंद केली. गावच्या वाचनालयाची वही तपासली. लोकांकडे आता वेळच वेळ होता, पुस्तकांची वर्गणीही माफ केलेली होती, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. एका खिडकीआड उभं राहून त्यांनी मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली, कोण किती वेळा थांबतं ते टिपलं. पुरुष रेंगाळत होते; जवळजवळ दोन तृतीयांश पुरुष तेवढ्या रस्त्यात दोनदा किंवा त्याहून अधिक वेळा थांबले. बायका सरळ चालत जात होत्या. त्यांची मजुरी गेली होती, काम गेलं नव्हतं. रांधणं, धुणं, ठिगळं लावणं, आणि तेही कमी पैशांत. एकाच बेकारीचे दोन अर्थ त्या रस्त्यावर चालत होते, आणि ते कुणाच्या भाषणातून कळले नसते. गाव पेटून उठलं नव्हतं. ते थकलं होतं.

या अभ्यासाची पद्धत जगभर शिकवली जाते. तिचा एक नियम मात्र वर्गात फारसा सांगितला जात नाही. गावात जाणाऱ्या कुणीही नुसता निरीक्षक म्हणून राहायचं नाही, गावाच्या उपयोगाचं काही ना काही करायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. व्हिएन्नात जुने कपडे गोळा केले, धुऊन-शिवून नीट केले आणि गावात वाटले. डॉक्टरांची मोफत तपासणी सुरू केली. शिवणाचे वर्ग घेतले. यामुळे निरीक्षण बिघडत नाही का, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. कपडे वाटताना एखाद्या घरात काय नाही ते जितकं खरं कळलं असेल, तितकं बंद प्रश्नाच्या चार पर्यायांतून कळत नाही. आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला काही देणं हा माहिती मिळवण्याच्या युक्तीचा भाग नाही, ते माणसाने माणसाशी वागणं आहे.

निष्कर्ष लोकांपुढे परत नेण्याची भीती संशोधकाला खरी असते. त्यांना ते आवडणार नाहीत. ‘आमच्याविषयी असं का लिहिलंत?’ म्हणतील. काही वेळा ते बरोबर असतील, आणि चूक छापून झालेली असेल. म्हणूनच ही फेरी छापण्याआधी व्हायला हवी. अहवालाचं दोन पानी साधं रूप लोकांच्या भाषेत लिहून, वाचून दाखवून, त्यांचे आक्षेप नोंदवून. यासाठी पैसे आणि दिवस लागतात, आणि आज ते कुठल्याच अंदाजपत्रकात नसतात. माझी मागणी साधी आहे : निधीचा ठरावीक हिस्सा पहिल्या दिवसापासून परतीच्या फेरीसाठी राखून ठेवावा, आणि ती फेरी झाल्याशिवाय प्रकल्प पूर्ण धरू नये. जुन्या अभ्यासाची फेरतपासणी हा पदवीसाठी मान्य विषय असावा. नोंदी जपायला विद्यापीठात कायमची माणसं असावीत, नाहीतर तीस वर्षांनी एखादी मॅकॉर्ड निघालीच तर तिने शोधायचं कुठे? आणि परिणामाचा रकाना ठेवायचाच असेल तर त्यात नुकसानीलाही जागा असावी.

तरुण संशोधकांची अडचण मला कळते. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, मग तात्पुरती नोकरी, मग दुसरं शहर. त्यांनी परत जायचं तरी कसं? म्हणूनच हा भार एकेका माणसावर टाकून चालणार नाही. माणूस जातो, विद्यापीठ तिथेच असतं. वचन माणसाने दिलेलं असलं तरी ते विद्यापीठाच्या नावाने दिलेलं असतं.

याहोडा यांना १९३६ साली ऑस्ट्रियात अटक झाली, आणि पुढच्या वर्षी देश सोडावा लागला. मारिएन्टालच्या अभ्यासाचं इंग्रजी भाषांतर १९७१ साली निघालं. त्या अनुभवावरून याहोडा यांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते : दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सगळ्यांबरोबरचं एखादं उद्दिष्ट, समाजात ओळख, आणि हातपाय हलते ठेवणारी नियमित धडपड. ऑक्टोबर २०२० मध्ये मारिएन्टाल ज्या गावात मोडतं त्या ग्रामाटनॉइझीडलमध्ये लोअर ऑस्ट्रिया प्रांताच्या रोजगार सेवेने एक प्रयोग सुरू केला. दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असेल तर, रीतसर पगाराचं काम मिळण्याची हमी. त्याचा अभ्यास करायला ऑक्सफर्ड आणि व्हिएन्ना विद्यापीठांचे संशोधक त्याच गावात आले. त्यांनीही सारख्या माणसांच्या जोड्या लावल्या, आणि जोडीतलं कोण आधी कामाला लागणार हे नशिबावर सोपवलं. याहोडांच्या यादीतल्या गोष्टींविषयी लोकांना विचारलं. ऑक्सफर्डच्या गटाने मांडलेल्या निष्कर्षांत काम मिळालेल्यांच्या वेळेला चौकट आली होती, माणसांत मिसळणं वाढलं होतं, समाजात आपल्याला स्थान आहे असं वाटू लागलं होतं. शारीरिक आरोग्यात मात्र फरक दिसला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं आहे. पहिल्या नोंदीपासून या नोंदीपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षं गेली होती.

माझ्या जुन्या वहीत त्या बाईंचा पत्ता अजून आहे. या वर्षीच्या अर्जात ‘अपेक्षित सामाजिक परिणाम’ या रकान्यात मी एवढंच लिहिलं, की ते काम झाल्यावरच सांगता येईल. आणि खर्चाच्या पानावर प्रत्येक घरासाठी दोन फेऱ्यांचे पैसे मागितले : एक विचारायला जाण्याची, एक सांगायला जाण्याची. पहिल्या ओळीत तो जुना पत्ता घातला आहे. तिथे एकच फेरी बाकी आहे.